दौंडच्या भरतीतलं आमेन

माझ्या धाकट्या भावाची, म्हणजे तुमच्या सुधाकरआजोबांची, छाती एके काळी घरात सगळ्यांच्या मालकीची होती. आई तिला अंडी पुरवायची, पपा तिच्यासाठी प्रार्थना करायचे आणि मी ती मोजायची.

चीनच्या लढाईनंतर शिरूरच्या पोरांना सैन्याचं वेड लागलं होतं. सुधाकर तर झोपेतही सलाम ठोकायचा. पपांनी मात्र स्पष्ट सांगितलं होतं, "वय निघून चाललंय. भरती झाली नाही, तर मुकाट्यानं मामांच्या पिठाच्या गिरणीत बसायचं." सुधाकरला पिठानं शिंका यायच्या. (एका शिंकेत गिऱ्हाइकाची अर्धी पायली हवेत!)

तेव्हा त्याची तयारी मी हाती घेतली. मी इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली, शाळेत शिकवणारी. सैन्यातलं मला ओ की ठो कळत नव्हतं. पण शिस्तीनं शिकवलं की माहितीवाचून अडत नाही, असा माझा तेव्हा ठाम समज होता. कवायतीच्या एका इंग्रजी पुस्तकात 'छाती पुढे' असं वाचलं होतं, तेवढं पुरे! रोज संध्याकाळी शिवणाची टेप घेऊन मी उभी.

"फुगव. आणखी. आता सोडायचं नाही!"

"ताई, जीव चाललाय."

"जाऊ दे. छाती राहिली पाहिजे."

हळूहळू तो भाजी आणायलाही फुगून जाऊ लागला. भाजीवाली विचारायची, "दादा, कुनाशी भांडान झालं काय?" तो उत्तर देत नसे. श्वास सुटला असता ना!

भरती दौंडला होती. सोबत मी गेले. (बहीण बरोबर आणलेला उमेदवार तो एकटाच.) तपासणीच्या खोलीबाहेर, खिडकीशी, कडुनिंबाखाली मी डबा घेऊन बसले. आत डॉक्टरांनी सुधाकरच्या छातीला टेप लावली. आकडा ऐकून मी मनातल्या मनात टाळ्या वाजवल्या.

"छान. आता फुगव."

सुधाकर तसाच ताठ उभा.

"अरे, फुगव!"

"फुगवलेलीच आहे, सर," दाबलेला आवाज आला.

"मग आधी सोड!"

"ताईनं सोडू नको म्हणून सांगितलंय."

डॉक्टरांनी टेप गुंडाळली. "छाती फुगत नाही. अनफिट!"

परतीच्या एसटीतही तो शिरूर येईपर्यंत तसाच फुगून बसला होता.

शेजारी निवृत्त हवालदार आप्पा राहायचे. हकिकत ऐकून ते बाजेवरून पडायचेच बाकी राहिले. "अवो बाई, छाती नाय, फरक मोजत्यात! रिकामी किती आन् भरल्यावर किती. दोन इंच तरी फरक पायजे. तुमी पोराला भरूनच धाडलं व्हय? आता पुढच्या भरतीला शेवटचा डाव हाय त्याचा. तवर रिकामं व्हायला शिकवा!"

पण पोराला सवयच जडलेली! 'सोड' म्हटलं की तो घाबरून आणखी भरून घ्यायचा. आईनं गुदगुल्या केल्या. मी चूल फुंकायला बसवलं. राख घरभर, छाती जागच्या जागी. गिरणी डोळ्यांसमोर दिसू लागली.

शेवटी रविवारी चर्चमध्ये उजेड पडला. सुधाकर गायकमंडळात होता. गीताच्या शेवटी त्यानं लांबलचक "आऽऽऽमेन" लावलं आणि छातीवर तडकायला आलेला त्याचा कोट बघता बघता सैल होऊन लोंबला! उपासना संपायचीही वाट न पाहता मी तिथंच टेप काढली. (हो, मी टेप चर्चलाही नेत असे.) फरक दोन इंचांहून जास्त! पाळकसाहेब आशीर्वाद देता देता अडखळले.

पुढच्या भरतीला मी पुन्हा कडुनिंबाखाली. आतून डॉक्टर म्हणाले, "श्वास सोड," आणि खोली दणाणली, "आऽऽऽमेन!"

"हे काय रे?"

"रिकामा झालो, सर. मोजा."

त्यांनी मोजलं. मग भरायला लावून पुन्हा मोजलं. "फिट! पुढचा!"

पुढचा होता न्हावरे गावच्या एका शेतकऱ्याचा मुलगा. त्यानं मागच्याला विचारलेलं मला स्पष्ट ऐकू आलं, "काय म्हनला रं त्यो?"

"आमेन म्हनला. आन् लगीच पास!"

टेप लागायच्या आतच पठ्ठ्या गरजला, "आमेन!" मग निमोणे गावचा. मग रांगच्या रांग! एकानं तर खबरदारी म्हणून आधी "जय भवानी" आणि मग "आमेन" म्हटलं.

"बंद करा!" डॉक्टर कडाडले. "ही भरती आहे का बाप्तिस्मा? कुणी शिकवलं हे?"

सुधाकरनं खिडकीकडे बोट दाखवलं. डॉक्टर तरातरा खिडकीशी आले. पाहतात तो बाहेर मी डोक्यावर पदर घेऊन, डोळे मिटून, हात जोडून उभी! (काय करणार? इतकी आमेन एकदम कानावर पडली, की माझे पाय आपोआप उभे राहतात.)

"बाई," ते म्हणाले, "उपासना संपली. तुमचा भाऊ घेतला आम्ही. आता यापुढे त्याला काहीही शिकवू नका."

मी काही बोलेना. बोलणार कशी? सुधाकरच्या छातीला टेप लागल्यापासून मीच श्वास धरून उभी होते!

"ताई," आतून सुधाकर ओरडला, "सोड आता!"

मी सोडला. आणि माझ्या तोंडून निघालं, "आऽऽऽमेन!"

रांगेतून लगेच आवाज आला, "सायेब, बाई पन पास!"