पंधरावं माणूस

"इथंच बसा." बाईंनी पोर्चमधल्या चपलांच्या रॅककडे बोट दाखवलं. रॅकशेजारी एक बुटकं स्टूल होतं. मी बसले.

गंगापूर रोडवरचा दुमजली बंगला. तीन भाऊ, त्यांच्या बायका, मुलं, म्हातारे आईवडील, सगळ्यांचं एकच स्वयंपाकघर. मी महापालिकेच्या शाळेतली शिक्षिका, जनगणनेच्या ड्यूटीवर. प्रश्न मी विचारायचे होते, पण पहिला प्रश्न बाईंनीच, म्हणजे घरच्या थोरल्या सुनेनं विचारला. माझं आडनाव काय. सांगितलं. "अच्छा," म्हणाल्या, आणि पाठीमागचं दार निम्मं ओढून घेतलं.

चौदा नावं झाली. उरलेल्या फटीतून एक म्हातारी फरशी पुसताना दिसत होती. जिन्याखाली तिची वळकटी, दोरीवर लुगडं. नियम साधा होता. जो त्या घरात राहतो, जेवतो, त्याला तिथं मोजायचं. नोकर असला तरी. या इथंच राहतात का, मी विचारलं.

बाई हसल्या. "ती कामवाली आहे. घरच्या माणसांची नावं लिहा. तुमच्यात मोजत असतील सगळ्यांना."

म्हातारीचा हात थांबला. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी फॉर्मकडे. बेरीज चौदा केली, सही घेतली, वर "थँक्यू मॅडम" म्हणाले. ते थँक्यू अजून मला खातं.

कारण माझी आईही अशीच. नाशिकमध्येच एका बंगल्यात राहून काम करायची. मी निफाडजवळच्या गावात, आजीपाशी. दिवाळीला आई यायची तेव्हा तिच्या हातांना फिनेलचा वास यायचा. पुढं स्टाफरूममध्ये कुणी विचारलं की मी सांगायचे, आई नाशिकला नोकरीला होती. नोकरीला! लाज स्वतःची वाटायला हवी होती, मी आईची वाटून घेतली. गावात मोजायला आले तेव्हा आजीनं सांगितलं असणार, ती इथं नसते. बंगल्यातल्यांनी तर तिला धरलंच नसणार. आणि आता सरकारी पेन हातात असताना मीही तेच केलं होतं.

फेरतपासणीला त्याच दारात गेले. बाईंनी पुन्हा स्टूल दाखवलं. मी उभीच राहिले. आत राहतात त्या मावशींना बोलवा, म्हणाले.

"मी तुमच्या साहेबांना फोन करीन."

"करा. माझं आडनाव तुम्हाला माहीत आहे."

म्हातारी पदराला हात पुसत आली. नाव विचारलं तर आधी तिनं बाईंकडे पाहिलं.

"ठकूबाई. पण माझं लिवून काय व्हनार हाय?"

"काही नाही होणार, मावशी. तुम्ही इथं राहता, तेवढं लिहिलेलं राहील."

नात्याच्या रकान्यात नोकर लिहिलं. दुसरं काही लिहावंसं वाटलं, पण खोटं लिहायचं नव्हतं. चौदावर काट मारली, पंधरा केले.

दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये डबे उघडले, तेव्हा कुणी न विचारताच सांगितलं. माझी आई दुसऱ्यांच्या फरश्या पुसायची आणि जिन्याखाली झोपायची. एकदोघींचे घास हातातच राहिले. राहू देत. आता कुणाच्या सोयीसाठी मी आईला वगळणार नाही. आणि चपलांच्या रॅकशेजारी बसून कुणाच्या घरची माणसं मोजणार नाही.