वाळूवरचा गोलकीपर

सोनाळ्याच्या पुंजाजी हिवराळ्यांनी आयुष्यात एकच आंतरराष्ट्रीय सामना खेळला आणि त्यात अकरा गोल खाल्ले. हे ते स्वतःच सांगत, जराही न लाजता.

ही १९५९ सालची गोष्ट. पुंजाजी फौजेत ट्रक चालवत. संयुक्त राष्ट्रसंघाच्या शांतिसेनेतल्या भारतीय तुकडीबरोबर ते गाझाला गेले. तिथे ब्राझील, युगोस्लाव्हिया, स्वीडन अशा देशांच्याही तुकड्या होत्या. हिवाळ्यात या सगळ्यांनी मिळून समुद्रकिनाऱ्यावर फुटबॉलच्या स्पर्धा ठेवल्या. एका बाजूला पाच गडी, पाय अनवाणी, मैदान म्हणजे नुसती वाळू. आपल्या संघाला किनाऱ्यावर पोचवायचं काम पुंजाजींकडे होतं. पण खेळ सुरू व्हायच्या आधीच आपल्या गोलकीपरचा खांदा निखळला. सुभेदारांनी इकडेतिकडे पाहिलं आणि ट्रकला टेकून उभ्या असलेल्या पुंजाजींना हाक मारली, "ड्रायव्हर, बूट काढ!"

समोर ब्राझील होतं. आपले गडी कवायतीच्या टणक मैदानावर खेळलेले. चेंडू जमिनीवरून सरकवायला गेले की तो चार पावलांवर वाळूत रुतून बसे. ब्राझीलवाले तो पायाच्या बोटांनी अलगद उचलत आणि खाली पडूच देत नसत. अकरा-एक अशी हार झाली.

बाकीचे खाली मान घालून ट्रकमध्ये जाऊन बसले. पुंजाजी मात्र ब्राझीलच्या एका उंच शिपायापाशी गेले आणि हातवारे करून विचारू लागले, हे कसं करतोस ते दाखव. ड्रायव्हरच जागेवर नाही म्हटल्यावर सगळ्यांना ताटकळावं लागलं. पुढचे तीन महिने पुंजाजी सुट्टी मिळेल तेव्हा त्या शिपायाकडे जात होते. त्याची भाषा यांना येत नव्हती आणि यांची त्याला. तरी चेंडू उचलायचा कसा, छातीवर झेलायचा कसा, हे ते शिकले. पुढच्या हिवाळ्याच्या स्पर्धेआधी तुकडी भारतात परतली. अकरा गोलांची परतफेड तेवढी राहून गेली.

१९६१ साली फौजेतली मुदत संपवून ते गावी आले आणि जळगाव जामोदच्या एका कापसाच्या जिनिंगचा ट्रक चालवू लागले. येताना त्यांनी एक फुटबॉल आणला होता. उन्हाळ्यात नदी आटली, की पात्रात टरबूज-डांगरांच्या वाड्या लागत. मे महिन्यात वेल सुकले की वाळू मोकळी व्हायची. पुंजाजींनी तिथे बांबूचे खांब रोवले. त्यांच्या बायकोने, बनाबाईने, सुतळीची जाळी विणून दिली. पहाटे उजाडताच पोरं जमू लागली. पुंजाजींच्या बौद्धपुऱ्यातली आली, गावातलीही आली. त्यात उकंडरावांचा मोतीराम होता. नदीतली सगळ्यात मोठी वाडी उकंडरावांची. अठरा वर्षांचा मोतीराम वाळूत असा पळे, की जणू खाली डांबरी सडक आहे.

खेळून सगळ्यांना तहान लागायची. बनाबाई एक माठ भरून आणायची आणि त्यावर एक गिलास ठेवायची. ही गोष्ट उकंडरावांच्या कानावर गेली तशी ते तरातरा नदीत उतरले.

"काऊन बे पुंजा, फौजेत जाऊन हेच शिकला काय? माह्यं पोरगं खेळन, पन त्याचं पानी घरून येईन."

"मंग त्यानं घरीच खेळाव, उकंडराव," पुंजाजी म्हणाले. "तिकडं सा देशांचे लोक एकाच पिंपातलं पानी पेत होते. आपलं तं गाव एकच हाय."

उकंडरावांनी मोतीरामाचं मनगट धरलं आणि त्याला घेऊन गेले.

चार दिवसांनी जळगाव जामोदच्या पोरांशी सामना ठरला होता. संघातला कचरू, बौद्धपुऱ्यातलाच, काकुळतीला आला. "भाऊ, एका दिवसापुरते दोन माठ ठेवू. मोतीराम नसला तं आपुन हरू."

"हरू," पुंजाजी म्हणाले.

कचरूने आशेने बनाबाईकडे पाहिलं. ती म्हणाली, "माह्या घरात दुसरा माठ नाई, अन् मी आननार बी नाई."

पुंजाजींनी मोतीरामाच्या जागी दुसरं कोणी घेतलं नाही. त्याची जागा त्याचीच, असं सांगून पाचाऐवजी स्वतःसकट चारच गडी उतरवले आणि गोलात स्वतः उभे राहिले. छत्तीस वर्षांचा माणूस डावी-उजवीकडे झेपावत होता. तोंडात वाळू, कोपरं सोललेली. सोनाळा सात-तीनने हरलं. काठावर बसून उकंडराव शेवटपर्यंत सामना पाहत होते. सामना संपताच ते उठून गेले.

आठवड्याने पहाटे मोतीराम एकटाच नदीवर आला. कोणाकडे न पाहता त्याने माठातला गिलास भरला, गटागटा प्यायला आणि म्हणाला, "चाला भाऊ, कुठं उभा राहू?"

बाप त्याच्याशी महिनाभर बोलला नाही. मोतीराम रोज येत राहिला, पाऊस पडून नदीला पाणी येईपर्यंत.

पुढच्या वर्षी वैशाखात पुंजाजी आणि कचरू खांब घेऊन नदीवर गेले, तर उकंडरावांची वाडी आधीच रिकामी झालेली. वेल उपटून काठावर रचलेले, आळी बुजवून वाळू सारखी केलेली. अजून आठ दिवस माल निघाला असता. उकंडराव फावडं खांद्यावर टाकून चालले होते.

"उकंडराव, एवढी घाई काऊन केली?"

"मोठं मैदान लागते म्हने तुमाले," ते म्हणाले आणि थांबले नाहीत. पुंजाजींना त्यांनी 'तुमाले' म्हटल्याचं कचरूने दिवसभर सगळ्यांना सांगितलं.

त्या वर्षी सोनाळ्याने जळगाव जामोदला पाच-चारने हरवलं. शेवटचा गोल मोतीरामाचा. कचरूने बोटांनी उचलून दिलेला चेंडू त्याने हवेतच मारला. जाळी फाटली.

मग आजूबाजूची गावं येऊ लागली. पुंजाजींचा नियम एकच: ज्या संघात गावातल्या सगळ्या वस्त्यांची पोरं नसतील, तो खेळणार नाही. एकदा एका गावाचा संघ बैलगाडीतून आला. पाचही पोरं एकाच आळीतली. पुंजाजींनी त्यांना भाकर खाऊ घातली, बैलांना पाणी दाखवलं आणि न खेळवताच परत पाठवलं. लोक म्हणाले, एवढ्या लांबून आलेल्यांचा अपमान झाला, आता ते काही यायचे नाहीत.

पुढच्या मे महिन्यात तीच गाडी आली. या वेळी तीत सात पोरं दाटीवाटीने बसली होती. पुंजाजींनी प्रत्येकाला नाव आणि घर कुठल्या आळीत ते विचारलं, मग शिट्टी तोंडात धरली आणि त्यांना वाळूत उतरवलं.