जिथे कोणीच बॅचलर नसतो

वत्सलाताईंची आणि माझी पहिली गाठ पडली ती कुवेतमधल्या आपल्या मराठी मंडळींच्या एका कार्यक्रमात. संस्कृत काव्यातील ऋतुवर्णन असा माझा विषय होता. बाहेर जूनची दुपार होती आणि सभागृहातला एसी बंद पडला होता. मी वसंतात रमलो असताना स्वयंपाकघराच्या दारातून एक बाई पुढे आल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "शास्त्रीबुवा, वसंत आटोपला असेल तर बरं. श्रीखंड पातळ होतंय." ग्रीष्म, वर्षा आणि पुढचे ऋतू मी त्या दिवशी गुंडाळले. श्रोत्यांनी आयुष्यात प्रथमच मला मनापासून टाळ्या दिल्या. 'शास्त्रीबुवा' हे नाव तेव्हापासून मला चिकटलं ते चिकटलंच.

ताई एका व्यापारी कंपनीत हिशेबनीस. यजमान लवकर गेले, मुलगा पुण्यात. त्यांच्या षष्ट्यब्दीनिमित्त निघणारा हा ग्रंथ आपल्यापुरताच छापला जात आहे, म्हणून थोडं मोकळेपणाने लिहितो. तरीही काही नावं बदलली आहेत आणि जागेचा पत्ता दिलेला नाही. का, ते कुवेतमध्ये राहिलेल्यांना समजावून सांगायला नको.

नव्या वाचकांसाठी एक खुलासा मात्र हवा. इथे माणसाच्या दोनच जाती: फॅमिली आणि बॅचलर. बायको-मुलं इथे असली तर तुम्ही फॅमिली. गावाला असली, किंवा नसलीच, तर बॅचलर. बॅचलरला पुष्कळ इमारतींत घर मिळत नाही, काही बागांत शुक्रवारी शिरता येत नाही, आणि समुद्रकाठची सुट्टीची घरं, ज्यांना इथे शॅले म्हणतात, ती तर जवळपास सगळीच 'ओन्ली फॅमिली'.

एका हिवाळ्यात आपल्या मंडळींची सहल अशाच एका शॅलेवर गेली. फॅमिलींना आणि बायकांना खोल्या, बॅचलरांना गाड्या लावतात तिथे तंबू. अनंत आणि मोहन तंबूत. अनंत कोकणातला, एसीचं काम करणारा. मोहन अर्दियाच्या एका गोदामात. दोघं जलीबला एका खोलीत कित्येक वर्षं राहत होते, आणि मित्र म्हणून राहत नव्हते. हे बहुतेकांना ठाऊक होतं, आणि ठाऊक नसल्याचा उत्तम अभिनय सगळे करत होते. मीही त्या नाटकात होतो. ताईंनी दोघांच्या पिशव्या उचलून आपल्या खोलीत नेऊन ठेवल्या.

मंडळाचे सेक्रेटरी गडबडले. "ताई, हे तुमचे कोण लागतात?"

"लागतात," ताई म्हणाल्या, आणि कोशिंबिरीला काकड्या चिरायला बसल्या. पुढचा प्रश्न विचारायचं सेक्रेटरींचं धाडस झालं नाही. ताईंच्या पुढ्यात विळी होती, हेही एक कारण असेल.

त्यानंतर एका ओळखीच्या इंग्रज माणसाने या दोघांना आपल्या शॅलेवर बोलावलं. तिथे दर शुक्रवारी अशीच मंडळी जमायची: पुरुषावर प्रेम करणारे पुरुष, बाईवर प्रेम करणाऱ्या बाया. आज त्यांना क्वीअर म्हणतात. दोघं नवे शर्ट घालून गेले. परतल्यावर ताईंनी विचारलं, "कसे होते लोक?"

"चांगले होते हो, ताई," मोहन म्हणाला. "फक्त तिघांनी माझ्याकडे बर्फ मागितला."

"मग?"

"आणून दिला. त्यांचा काय दोष? तिथे आमच्या रंगाची माणसं होती ती सगळी ट्रे घेऊनच फिरत होती."

अनंत म्हणाला, "मोहन्या, तू निदान टिप तरी घ्यायचीस!" दोघं हसले. ताई हसल्या नाहीत. पुढच्याच आठवड्यात त्यांनी आपल्यातल्या अशा मंडळींना जमता यावं म्हणून स्वतःच्या नावावर एक जुनी शॅले अख्ख्या हिवाळ्यासाठी भाड्याने घेतली. 'फॅमिली' म्हणून मालकाच्या माणसाला सुट्टीवर आलेला मुलगा, सून आणि नातू दाखवले. सुनेने मला नंतर सांगितलं, "सासूबाईंनी आम्हाला कुवेत दाखवायला बोलावलं असं वाटलं होतं. प्रत्यक्षात कुवेतला आम्हाला दाखवायचं होतं."

तिथे ताईंनी जे उभं केलं, ते उपकाराच्या पायावर नव्हे. कागदी ताटल्या त्यांनी पहिल्याच दिवशी बंद केल्या. "त्यात पाहुणे जेवतात," असं त्यांचं मत. गावी जाणाऱ्याने येताना आपलं स्टीलचं ताट आणायचं, आणि त्यावर नाव घालायचं, आपल्याकडे लग्नाच्या भांड्यांवर घालतात तसं. अनंत अम्गऱ्याच्या एका वर्कशॉपमधून नाव कोरायचं मशीन मागून आणी. जोडप्याच्या ताटावर दोन नावं शेजारी-शेजारी. हॉस्पिटलात नर्स असलेल्या, मूळच्या नांदेडच्या रेखा आणि त्यांची मैत्रीण, यांनी आपलं ताट पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा रेखा म्हणाल्या, "आमच्या लग्नात आहेर आलाच की मग." वऱ्हाडी मंडळींत संस्कृत येणारा मी एकटाच होतो, म्हणून आशीर्वादाचे दोन श्लोक म्हटले. ताईंनी घड्याळ पाहिलं नाही. माझ्या लेखी हा त्यांचा सर्वांत मोठा त्याग.

मोहनला अपेंडिक्सचा त्रास झाला तेव्हा वॉर्डात फक्त नातेवाइकांना सोडत होते. ताई काकू झाल्या, अनंताला पुतण्या केलं आणि आत नेऊन मोहनच्या उशाशी बसवलं. स्वतः बाहेर बाकावर बसून स्वेटर विणला. कुवेतमध्ये स्वेटर कशाला, असं मी विचारलं. "हात रिकामे असले की लोक प्रश्न विचारतात," असं उत्तर मिळालं.

गेल्या वर्षी कंपनीने ताईंना निवृत्तीची सूचना दिली. नोकरी गेली की इकामा, म्हणजे इथे राहण्याचा परवाना, आज ना उद्या जाणार. आणि शॅले त्यांच्या नावावर! त्या गेल्या की ही सगळी माणसं फाटकापाशी पुन्हा बॅचलर. ही काळजी ताईंना लागली. मग त्यांनी एक विचित्र गोष्ट केली. हिवाळ्याच्या पहिल्या शुक्रवारी सगळ्यांना पुढे पाठवलं आणि स्वतः घरीच बसल्या. मीही त्यांच्याकडे चहाला होतो.

फाटकावर नवा पहारेकरी होता. त्याने अडवलं. अनंताचा फोन आला.

"ताई, हा विचारतोय, फॅमिली कुठाय? काय सांगू?"

"मला काय विचारतोस? मी तिथे आहे का?" ताईंनी फोन ठेवला आणि मला म्हणाल्या, "साखर घ्या." स्वतःच्या कपात मात्र त्यांनी साखर दोनदा घातली.

पुढचं मला मोहनने सांगितलं. अनंत गाडीतून उतरला, पहारेकऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "भाईसाब, यही है फॅमिली. जो गाडी में बैठा है, सब." आवाज ऐकून शॅलेचा हारिस, म्हणजे राखणदार, केरळचा बशीर धावत आला आणि पहारेकऱ्यावरच उखडला, "अरे, ये हर साल का फॅमिली है! खोलो!" फाटक उघडलं. महिन्याभराने करार रेखांच्या नावावर झाला. मालकाच्या माणसाने कुटुंबात कोण कोण असं विचारलं, तेव्हा उत्तर बशीरनेच दिलं.

ताईंचा इकामा अजून काही महिने आहे. मध्यंतरी एका दुपारी त्या न कळवता शॅलेवर गेल्या. जेवणं होऊन सगळे पांगले होते. त्यांच्या खोलीत, त्यांच्या पलंगावर, त्यांनी कधी न पाहिलेली एक मुलगी झोपली होती. चाहूल लागून तिने डोळे किलकिले केले आणि अदबीने विचारलं, "काकू, तुम्ही कुणाकडच्या?"

"अनंताकडची," ताईंनी सांगितलं. तिला झोपू दिलं, बाहेर सतरंजी टाकली आणि समुद्राकडे पाठ करून तासभर गाढ झोपल्या.

ताईंना दीर्घायुष्य लाभो, गुडघे धड राहोत, आणि यापुढे कितीही वर्षांनी त्या तिथे गेल्या तरी एकही पलंग रिकामा न सापडो.