दोन कुप्या, एक कोयता

गंगाखेडच्या अलीकडे, उसाच्या फडात, ती दुपार अजून तशीच थांबलीय असं मला अधूनमधून वाटतं. तुरे हलतायत, पाचटाचा गोडसर वास येतोय आणि मी गुडघ्यांवर बसून सिरिंजमध्ये औषध ओढतोय.

मी रुग्णवाहिकेतला डॉक्टर. पाचटावर आडवा पडला होता एक ऊसतोड कामगार, चाळिशीचा. त्याचं हृदय नुसतं थरथरत होतं, रक्त पुढे ढकलत नव्हतं. तीन शॉक देऊन झाले, तरी थरथर जाईना. आता ठोके ताळ्यावर आणणारं औषध द्यायचं, दोन कुप्या. या औषधाची एक खोड आहे. घाईने ओढलं की फेस होतो, आणि फेस शिरेत देता येत नाही. आणि मी जन्माचा उतावळा, चहासुद्धा जीभ भाजून पिणारा.

छाती दाबून दाबून आमचा ड्रायव्हर घामाघूम झाला होता. कामगाराची बायको पुढे आली, तसा मी खेकसलो, "बाई, बाजूला व्हा!"

ती हलली नाही. "मी दाबते. माझे हात दमायचे न्हाईत."

ड्रायव्हरने तिचे तळहात जागेवर ठेवले आणि तो फुग्याने श्वास देऊ लागला. ती दाबत राहिली. मोळीतले ऊस मोजावेत तशी पुटपुटत मोजत होती. तिच्या त्या एकसारख्या, न चुकणाऱ्या मोजणीत माझा हातही कधी सावकाश झाला, कळलंच नाही. औषध नितळ वर आलं, शिरेत गेलं. तुऱ्याचा कापूस तरंगत येऊन त्याच्या कपाळावर बसला. कुणी काढला नाही.

दोन मिनिटांनी सगळ्यांना हात काढायला लावून चौथा शॉक दिला. मॉनिटरवरची रेघ सपाट झाली. मग एक ठोका. मग दुसरा.

तिचे हात पुन्हा छातीकडे गेले. "थांबा, आलाय तो," मी म्हणालो, तरी तिला खरं वाटेना. मला रडूच आलं. तिचं बोट धरून मी त्याच्या मानेवरच्या नाडीवर ठेवलं.

"मुकादम आमा दोघांना मिळून एक कोयता म्हंतो," ती हळूच म्हणाली. "एकटीला कामावर कोण घेणार व्हतं?"

दवाखान्यापर्यंत तिने ते बोट काढलं नाही. तो जगला. तिथले मोठे डॉक्टर माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "औषध अगदी वेळेवर दिलंत."

ती दाराशीच उभी होती, साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट घातलेली, मनगटं चोळत. मी नुसतं "हो" म्हणालो.