लाव्हर्नचे चुकलेले नेम

विस्कॉन्सिनच्या रानात ऑर्व्हिल टोर्गर्सनची ऐंशी एकर जमीन होती, आणि आपला नेम कधी चुकला नाही याचा तोरा त्याहून मोठा होता. हरणावर ज्याचा नेम चुकेल, त्याच्याच शर्टाच्या मागच्या बाजूचा तुकडा कापून शिकारीच्या केबिनच्या भिंतीला ठोकायचा, असा तिथला रिवाज. भिंतीवरचे सगळे तुकडे धाकट्या भावाचे, लाव्हर्नचे. "बिनपाठीचे शर्ट घेत जा रे, स्वस्त पडतील," असं ऑर्व्हिल त्याला शिकारीच्या दर हंगामात सुनावायचा.

लाव्हर्न वारला, त्या हंगामात ऑर्व्हिल हट्टाने त्याच्या मचाणावर बसला. रानातलं थोरलं नर हरीण त्याला यंदा हवंच होतं. खाली लाव्हर्ननेच हरणांसाठी पेरलेलं गवत होतं. वारा नव्हता, तरी शेजारची फळी कोणी बसल्यासारखी करकरली. ऑर्व्हिल नकळत जागा करून देत सरकला.

मग तो नर आला, इतका जवळ की नाकातली वाफ दिसावी. इथून आंधळ्याचाही नेम चुकला नसता. आणि लाव्हर्न जन्मभर इथूनच चुकत आला होता.

"मुद्दाम चुकायचास होय रे?" ऑर्व्हिल पुटपुटला. फळी पुन्हा करकरली. त्याने बंदुकीची नळी बाजूच्या ओंडक्याकडे वळवली आणि चाप ओढला.

केबिनमध्ये शेजारचा गॉर्डी, बार ऐकून आणि ऑर्व्हिलला रिकाम्या हाती येताना पाहून, कात्री घेऊन टपलेलाच होता. "तू चुकलास? डोळे गेले की हात?"

"मुकाट्याने काप."

"ठोकू कुठे, महाराज?"

"त्याच्या शेजारी."

दारं-खिडक्या बंद होत्या. तरी भिंतीवरचे सगळे तुकडे एकदम हलले, कोणी हसू दाबावं तसे.