हेमराज फौजी आणि रपट्यावरचं पाणी

हेमराज फौजी आमच्या गाडीत चढला की गाडीतली माणसं आपोआप शहाणी व्हायची. खिडकीतून खर्ऱ्याची पिचकारी मारणारा तोंड मिटून बसायचा. मोबाइलवर ठणाणा गाणी लावणारा आवाज बारीक करायचा. जागेवरून एकमेकींच्या झिंज्या धरायला निघालेल्या बायका, ज्या मला कधी भीक घालत नसत, त्या 'बसा जी, तुमीच बसा' म्हणायला लागायच्या. हे सगळं त्या वर्दीमुळे. बाकी माणूस म्हणाल तर बुटका, सावळा आणि सदा हसरा. साध्या कपड्यांत बाजारात दिसला असता तर कोणी दुसऱ्यांदा वळून पाहिलं नसतं.

आमची मिनीबस भंडाऱ्याहून निघायची, पवनीच्या पुढे जायची आणि धरणात बुडालेल्या गावांना सरकारनं जिथं नव्यानं वसवलं त्या वस्त्यांपर्यंत पोचायची. आमचे हे, म्हणजे श्रावणभाऊ, गाडी चालवायचे आणि मी तिकिटं फाडायचे. ह्यांचा स्वभाव लोण्यासारखा. कोणी हात जोडले की झालं, उलट्या दिशेनंही गाडी नेतील. म्हणून तोंडाचा पट्टा चालवायचं काम माझ्याकडे. हेमराज शेवटच्या थांब्याचा, नव्या साखरटोलीचा. वर्षातून दोनदा सुट्टीवर यायचा आणि दर वेळी वर्दीतच यायचा.

लोक त्याला सुखानं बसू द्यायचे नाहीत. एकदा एका म्हाताऱ्यानं विचारलं, "काय जी फौजी, बॉर्डरवर किती मारले?"

"कोंबडे लई मारले, आजोबा," हेमराज म्हणाला. "मी लंगरमधला हाव. सैपाक करतो."

सगळी गाडी हसली. पण म्हातारा शेजाऱ्याच्या कानात म्हणाला, "खरं नाही सांगत ते लोक. सांगाची मनाई रायते त्यायले." झालं! तेव्हापासून हेमराज जितका खरं बोलायचा तितका तो लोकांना मोठा वाटायचा. त्यानं भाताच्या हंड्याएवढं तोंड करून सांगितलं असतं की मी आचारी आहे, तरी लोकांनी त्याला कमांडोच ठरवला असता.

एकदा अड्याळच्या थांब्यावर दोन गडी पोत्यावरून हातघाईवर आले. मी ओरडून ओरडून थकले. हेमराज नुसता दारातून खाली उतरला, तर दोघं मांजरासारखे बाजूला झाले. मी म्हणाले, "फौजी, ह्या गाडीत दोघांचाच धाक. एक तुमचा आणि एक माझा."

"तुमचा खरा हाय, वहिनी," तो म्हणाला. "माहा उसना."

तेव्हा मी हसले होते. त्या बोलण्यात किती अर्थ होता ते मला भाद्रपदात कळलं.

त्या दिवशी तो भंडाऱ्याला गाडीत चढला तेव्हा दाढी वाढलेली होती, डोळे सुजलेले होते. अंगावर वर्दी होती, पण हसू नव्हतं. माझ्या हातातली तिकिटं तशीच राहिली. म्हणाला, "माय गेली, वहिनी. काल सांजच्याले." त्याला बाप नव्हता. भाऊही नव्हता. एक मोठी बहीण होती, कौसल्या. तीही तिच्या सासरहून येऊन पोचली होती. सगळं गाव त्याच्यासाठी थांबलं होतं, कारण आईला अग्नी द्यायला तोच एक.

गाडीत बातमी पसरायला किती वेळ लागतो? पवनी यायच्या आत सगळ्यांना माहीत झालं. ह्यांनी एरवीचे थांबेही गाळले आणि कोणी कुरकुर केली नाही.

साखरटोलीच्या अलीकडे एक नाला आहे, त्यावर ठेंगणा पूल. आमच्याकडे त्याला रपटा म्हणतात. वैनगंगा फुगली की नाल्याचं पाणी पुढे सरकत नाही, मागे फिरतं आणि रपट्यावर चढतं. आम्ही पोचलो तेव्हा रपटा दिसतच नव्हता. कडेचे दगडही बुडाले होते. गढूळ पाणी गरागरा फिरत होतं आणि पलीकडे, हाकेच्या अंतरावर, साखरटोलीची टिनाची छपरं दिसत होती. त्यांच्या डाव्या अंगाला मोकळ्या जागेत माणसं जमली होती. तिथं काय आहे ते कोणाला सांगायची गरज नव्हती.

हेमराजचा फोन वाजला. त्याच्या काकाजींचा आवाज मला दारापर्यंत ऐकू येत होता. "कुठवर आला, बापू? दिवस बुडाच्या आंदी आटपा लागते."

"नाल्याच्या ह्या बाजूनं हाव, काकाजी. तुमी दिसून राहिले मले."

फोन खिशात टाकून तो खाली उतरला. पाण्याशी जाऊन वाकला आणि बुटाची नाडी सोडायला लागला. एकट्यानं जायचं त्यानं ठरवलं होतं. त्याला अडवू कोणत्या तोंडानं? त्याची आई होती पलीकडे.

आणि मग ते झालं. त्याला नाडी सोडताना पाहून एक जण उतरला, त्यानं पायजमा वर खोचला. दुसरा उतरला. पाच-सहा गडी झाले. "चला फौजी, हात धरून जाऊ. तुमी पुढं असल्यावर कायचं भेव!" त्यातल्या एकाची बायको पोर कडेवर घेऊन गाडीत बसली होती, आणि तीही म्हणत होती, "जा जी, सोबत जा त्यायच्या."

हेमराजनं मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. एकेकाचा चेहरा पाहिला. मग पलीकडे पाहिलं. त्याचा हात नाडीवर तसाच राहिला होता. मी देवाशप्पथ सांगते, त्या क्षणी मी जेवढी घाबरले तेवढी बाळंतपणातही घाबरले नव्हते. त्यानं नाडी पुन्हा बांधली.

"नाही जात मी," तो म्हणाला. "कोनी नाही जात."

लोकांना ते पटेना. त्यांना वाटलं, बिचारा आपल्यामुळे मागे सरतोय. मागच्या सीटवरची एक म्हातारी ओरडली, "आमच्यापायी नोको थांबू रे बावा! श्रावणभाऊ, गाडीच काढा! गाडी काय वाहून जाते का?" मग सगळेच ओरडायला लागले. काढा गाडी, फौजीची माय हाय, काढा! आणि आमच्या ह्यांनी, ज्यांनी उभ्या जन्मात कोणाला नाही म्हटलं नाही, त्यांनी इंजिन सुरू केलं.

"अवो, डोकं फिरलं का तुमचं!" मी ह्यांच्या दंडाला धरून ओढलं. ह्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि गाडी हळूहळू उतारावर सरकत होती. माझं कधी नाही ते ह्यांनी ऐकलं नाही.

हेमराज गाडीसमोर येऊन उभा राहिला. पाण्यात, घोट्याएवढ्या. दोन्ही हात त्यानं गाडीच्या तोंडावर टेकवले.

"भाऊ, बंद करा."

"अरे, तुह्यासाठीच काढून राहिलो ना!"

"म्हनूनच म्हनतो. बंद करा."

खिडकीतून कोणीतरी खेकसलं, "फौजी होऊन पान्याले भेता का जी?"

"हो जी," हेमराज म्हणाला. "भेतो."

ह्यांनी किल्ली फिरवली. इंजिन बंद पडलं तसा नाल्याचा आवाज मोठा झाला. हेमराजनं तिथंच, पाण्यात उभ्या उभ्या फोन लावला. "काकाजी, पेटवा. मायले ताटकळत नोका ठेवू." पलीकडून काकाजी काही तरी बोलले असावेत, कारण तो पुन्हा म्हणाला, "तुमच्या हातची बी तेच आग हाय जी. पेटवा."

धूर निघाला तेव्हा तो आमच्याकडे पाठ करून उभा होता. गाडीतल्या बायका रडत होत्या. हे स्टिअरिंगवर डोकं ठेवून बसले होते. जवळ जायची हिंमत माझ्यासारख्या भांडखोर बाईलाही झाली नाही.

पहाटे पाणी ओसरलं. रपटा जागच्या जागी होता. एक दगड हलला नव्हता.

तेरवीला आम्ही दोघं गेलो. जेवणाची पंगत बसली होती आणि हेमराज हातानं वाढत होता. त्याची बहीण कौसल्या भिंतीशी बसली होती. सगळ्यांदेखत ती म्हणाली, "मांडीएवढं बी पानी नोहतं. लेकरंबी निंघून आले असते. आन् तू फौजी मानूस, काठावर उभा! एकुलता एक पोरगा असून मायले दुसऱ्याच्या हातची आग भेटली."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी पत्रावळीवरून उठलेच. "अवो बाई, त्या गाडीत माझा नवरा होता, लोकांची लेकरं होती..."

"बसा वहिनी," हेमराज म्हणाला. "जेवनावरून उठू नोका. बाई खरंच बोलून राहिली. पूल शाबूत होता." मग भाताचं भांडं खाली ठेवून तो बहिणीसमोर उकिडवा बसला. "पन बाई, तुले हे आज मालूम हाय. मले त्या वक्ती नोहतं."

कौसल्याबाईंनी तोंड फिरवून घेतलं. तो उठून पुढच्या पानावर वाढायला गेला. तिनं त्याला माफ केलं की नाही, मला आजही माहीत नाही.

परत निघाला तो आमच्याच गाडीनं. चौकड्यांचा शर्ट, हातात पिशवी. मी तर आधी ओळखलंच नाही. त्यानंतर तो कधीच वर्दीत आला नाही. पुढे बदल्या होत गेल्या, आमची गाडीही विकली गेली आणि भेट राहिली ती राहिलीच. पण त्या दिवशी मी त्याच्याजवळ बसले आणि विचारलं, "वर्दी कुठं, फौजी?"

"पेटीत." तो म्हणाला, "आमाले सांगूनच ठेवते, सुट्टीवर जाताना वर्दी नोका घालू. मीच आयकत नोहतो. मायले मोतीबिंदू होता, वहिनी. आपरेशनले भेत होती. थांब्यावर आठ-दहा जन उतरले तर पोरगा कोनता ते तिले समजत नोहतं. वर्दी तेवढी दिसे लांबून. मंग तिथूनच हाका मारे. तिच्यासाठी घालत होतो. बाकीच्यायनं पाह्यली तर काय होते, ते तुमी बी पाह्यलं."

"पण मग त्या दिवशी?" माझ्या तोंडून निघून गेलं. "त्या दिवशी कशाला घातली?"

त्यानं पिशवी मांडीवर ओढून घेतली.

"मालूम होतं जी, ती नाही पाहाची. तरी घातली. वाटलं, तिनं ओळखलं पायजे."