गुरुवारची बाटली

केमोच्या पहिल्याच सलाइनला आईचा चेहरा लालभडक झाला, छाती आवळली, आणि नर्सने धावत येऊन नळी बंद केली. डॉक्टर म्हणाले, औषध पाण्यात विरघळत नाही, म्हणून ते ज्या द्रवात घालतात त्याचा हा त्रास. पुढच्या वेळी आधी इंजेक्शनं देऊ, थेंब सावकाश सोडू. निगडीला घरी पोचताच आईने जाहीर केलं की पुढची वेळ येणारच नाही. पोरगी ताथवड्याच्या कॉलेजात हेच औषध पाण्यात विरघळवतेय, तर तिचंच घेईन.

माझं डोकं फिरलं. मी पॉलिमरवर काम करत होते हे खरं. त्याच्या साखळीचं एक टोक पाण्याशी जमवून घेतं, दुसरं औषधाला आत लपवून ठेवतं. पण बाटलीतून माणसाच्या शिरेत जायला वर्षं लागतात, हे सांगून मी थकले. तिने सगळं कानाआड केलं. तारीख जवळ येत होती आणि गाठ काही तिच्या हट्टासाठी थांबणार नव्हती. शेवटी चिडून म्हणाले, चल कॉलेजात, स्वतःच्या डोळ्यांनी बघ.

तो गुरुवार होता. आमच्या पट्ट्यात गुरुवारी लाइट जाते, कारखान्यांना सुट्टी असते, म्हणून सगळे बुधवारीच हातातलं काम उरकतात. मीही औषध आणि पॉलिमर मिसळून केलेली पावडर घाईघाईत सुकवली होती. यंत्रं बंद, त्यामुळे खिडकीपाशी उभी राहून पावडरच्या बाटलीत पाणी सोडलं आणि ती हलवली. पावडर विरघळून पाणी नितळ झालं. आईचा चेहरा उजळला. आता ही कुणाचं ऐकणार नव्हती. आपला प्रयोग फसावा म्हणून मी आयुष्यात पहिल्यांदाच देवाला विनवत होते.

आम्ही बसून राहिलो. हळूहळू पाणी गढुळलं आणि तळाशी औषधाच्या बारीक सुया बसू लागल्या.

आईने बाटली उजेडात धरली. "कच्चं हाय अजून," ती म्हणाली. मग पदर सावरून उठली. "चल. तवर त्यांचंच घेते."

दुसऱ्या सलाइनला तिने माझं मनगट घट्ट धरून ठेवलं. नर्स बाजूलाच उभी होती. मी नळीकडे बघायचे, मग तिच्या चेहऱ्याकडे. थेंब पडत राहिले आणि चेहरा लाल झाला नाही. बऱ्याच वेळाने तिची पकड सैल झाली.

"तुझं औषध कधी व्हायचं?" तिने विचारलं.

"वर्षं लागतील, आई."

"लागू दे की. मी हाय."